संघटकानं क्रिकेट वाढतं का? – 'बेदाणा' यांच्या पोस्टला उत्तर

निवृत्त स्कोअरर, सांगली
आयर्लंडच्या क्रिकेट बोर्डाचे सीईओ वॉरन ड्यूट्रम पायउतार झाले. त्यावर परवा 'बेदाणा' यांनी लिहिलं, "संघटकाचं कौतुक म्हणजे नवरदेव सोडून बँडवाल्याला ओवाळणं. आयर्लंड खेळाडूंनी मोठं केलं, यांनी ई-मेल पाठवले." वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

2007 च्या विश्वचषकात आयर्लंडनं जमैकाच्या सबायना पार्कवर पाकिस्तानला घरी पाठवलं, तेव्हा बहुतेक खेळाडू नोकरी सांभाळून खेळत होते. ड्यूट्रम जेमतेम आदल्या वर्षी आयसीसीतली (जागतिक क्रिकेट संघटनेतली) नोकरी सोडून आलेले. तो विजय त्यांच्या खात्यात मी टाकत नाही. पण पुढं काय झालं? मॉर्गन, रँकिन इंग्लंडकडे गेले. एखादं बोर्ड तिथंच बसलं असतं. यांनी खेळाडूंना पगारी करार दिले, 2013 ला प्रांतांची आपसातली स्पर्धा सुरू केली, 2017 ला कसोटीचा दर्जा मिळवला. 2011 च्या विश्वचषकात केव्हिन ओब्रायननं बंगळूरला इंग्लंडला धुतलं ते सगळ्यांना आठवतं. कराराचे कागद कोण आठवतंय?

आता केनिया बघा. 2003 ला विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत, कोच आपले संदीप पाटील. टिकोलो, ओबुया, खेळाडूंची काय कमी होती? मागं बोर्डात भांडणं, पैशांचे घोळ. 2014 ला अधिकृत वनडे खेळायचा दर्जासुद्धा गेला. खेळाडू असूनही बुडाले ना?

बेदाणा, तासगाव
काका, सोयीची दोनच उदाहरणं घेतलीत. नेपाळ का सोडलं? 2016 ला आयसीसीनं त्यांचं बोर्ड निलंबित केलं, 2019 ला परत घेतलं. आणि वनडे दर्जा कधी मिळाला? 2018 ला! म्हणजे बोर्ड नसताना. याहून मोठा पुरावा काय पाहिजे?

निवृत्त स्कोअरर
पुरावा अर्धाच वाचलात. त्या संघाचा कर्णधार पारस खडका कुठून आला? नेपाळची एकोणीस वर्षांखालची पोरं 2006 ला विश्वचषकाच्या प्लेट गटात (पहिल्या फेरीत मागं पडलेल्या संघांच्या) न्यूझीलंडला हरवून जिंकली, त्यातून. त्या पोरांसाठी स्पर्धा, कोच, दौरे कुणी उभे केले? जय कुमार नाथ शाह कित्येक वर्षं तेच करत होते. झाड लावणारा गेल्यावर आंबे खाल्ले, एवढंच. आणि तुमचा पारस आता स्वतःच बोर्डाचा सचिव झालाय. त्यालाही बँडवाला म्हणा.

अजिंक्यताराकर, सातारा
दोघांनाही नमस्कार. पण हे फिरतीवरचे संघटक मला पटत नाहीत. टिम कटलर हाँगकाँगच्या क्रिकेट बोर्डात सीईओ, मग वानुआटूच्या. माझे वडील महसूल खात्यात होते. कुणाचा बांध कुणाच्या शेतात घुसलाय हे कळेपर्यंत बदलीचा आदेश यायचा. नव्या गावात पुन्हा पहिल्यापासून. मुक्कामाला आलेला माणूस रोलर घेईल का रिपोर्ट लिहील?

लेगबिफोर, मिरज
आणि इथले कायमचे मुक्कामी काय करतायत ते बी बघा की. चषक! ज्याला त्याला चषक भरवायचाय. टेनिस बॉल, रात्री लाइट लावून, पहिलं बक्षीस मोटारसायकल. फ्लेक्सवर नेत्याचा फोटो स्टंपापेक्षा उंच. माझा पुतण्या लेदर बॉलवर चांगली आउटस्विंग टाकायचा. दोन सीझन चषकात खेळला आणि आता सगळं आपटून टाकतंय. सीम सरळ धरणंच विसरलं पोरगं.

कृष्णाकाठ, कराड
टेनिस बॉलला नावं ठेवू नका. लेदरचा किट घेणं शेतमजुराच्या पोराला झेपतंय का? चषकात निदान मैदान झाडलं जातं, पंचांना मानधन मिळतं. लेदरची मॅच म्हटली की मॅटिंगचे खिळे ठोकायला माणूस मिळत नाही. काथ्याच्या मॅटला मधे सुरकुती पडली की बॉल कुठं जाईल ते बॉलरलाबी ठाऊक नसतंय.

लेगबिफोर
मानधन मिळतं? आम्ही गेल्या वर्षी एका चषकात उपविजेते झालो. स्टेजवर थर्माकोलचा मोठा चेक दिला, फोटो काढला. खरे पैसे अजून यायचेत. आयोजकाला फोन लावला तर 'साहेब मुंबईला आहेत'.

कृष्णाकाठ
अहो मग फायनल जिंकायची होती!

लेगबिफोर
तुमच्या कराडचा पंच होता. पायचीत दिलं, बॉल लेगच्या बाहेर. नाव घेत नाही, त्याला कळलं असंल.

निवृत्त स्कोअरर
धागा कुठला, चाललंय काय! पण बरं झालं, माझाच मुद्दा सांगताय. पैसे वेळेवर देणं, मॅट नीट ताणणं, पंच नेमणं, हेच संघटकाचं काम. नसला की काय होतं ते लेगबिफोरना विचारा. अमेरिकेत तेच मोठ्या प्रमाणात झालं. 2017 ला जुनी संघटना आयसीसीनं हाकलली, 2025 ला नवी निलंबित. मधे 2024 ला डॅलसला पाकिस्तानला सुपर ओव्हरमधे हरवलं, चेंडू आपल्या मुंबईच्या नेत्रावळकरच्या हातात. पुढच्या वर्षी बोर्ड पुन्हा कोर्टकचेरीत.

बेदाणा
म्हणजे बोर्ड बुडतंय तरी पोरं जिंकतायत! काका, हा षटकार तुमच्याच बॉलिंगवर. आणि आयर्लंडचं काय हो? दर्जा मिळाला, पण खिसा? पैसे नाहीत म्हणून पाहुण्या संघांचे सामने रद्द करायची वेळ आली. मालाहाइडला मोठ्या सामन्याला तात्पुरते स्टँड उभारतात. आपल्या जत्रेत उभारतात तसे.

अजिंक्यताराकर
इथं मात्र बेदाणा साहेब, दोष ड्यूट्रमचा कसा? 2024 ते 27 साठी आयसीसीच्या वाटपात 38.5 टक्के एकट्या बीसीसीआयला. नव्वदहून अधिक सहयोगी देश (कसोटीचा दर्जा नसलेले) मिळून सुमारे 11 टक्के. आयर्लंड सहयोगी नाही, पण बारा पूर्ण सदस्यांतही त्याच्या वाट्याला काय उरणार? आपण हॉटस्टार बघतो, त्यातूनच ही वाटणी होते.

कृष्णाकाठ
आता बीसीसीआयला शिव्या. बाजार भारताचा, प्रेक्षक भारताचा. दुसऱ्यांनी कमवावं की.

अजिंक्यताराकर
हेच इंग्लंड-ऑस्ट्रेलिया आपल्याला म्हणत होते तेव्हा मिरच्या झोंबत होत्या ना?

माधवनगरची वहिनी
पुरुष मंडळींचं झालं असेल तर एक विचारू? अफगाणिस्तान 2017 पासून पूर्ण सदस्य, मुलींचा संघच नाही. देशाबाहेर गेलेल्या तिथल्या क्रिकेटपटू मुली खेळायला मिळावं म्हणून आयसीसीला वर्षानुवर्षं पत्रं पाठवत राहिल्या. तुमचा आदर्श संघटक त्यात कुठं बसतो? स्मृती मानधना आमच्या माधवनगरात वाढली. तिला मैदानावर येऊ नको असं कुणी म्हटलं असतं तर?

निवृत्त स्कोअरर
ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही. त्या पत्रांवर वेळीच पाऊल न उचलणारेही संघटकच.

बेदाणा
काकांची विकेट! चला, मीही मोठं मन करतो. केनिया विरुद्ध आयर्लंड यात संघटकाचा हात होता, दहापैकी चार गुण देतो. स्कोअररनं लिहून घ्यावं, पुन्हा खोडाखोड नको.

निवृत्त स्कोअरर
पाच देत असाल तर लिहितो.

लेगबिफोर
ते राहू दे ओ. कृष्णाकाठ, त्या आयोजकाचा दुसरा नंबर आहे का तुमच्याकडं?