ऑल्टो २००६ : गरम झाल्यावर आयडलिंग वर-खाली, पेट्रोल आणि सीएनजी दोन्हीवर

लाल_ऑल्टो

ऑल्टो एलएक्सआय, २००६, १ लाख १२ हजार किमी, नंतर बसवलेलं सिक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस इंजेक्टर असलेलं) सीएनजी किट. थंड असताना एका सेलमध्ये सुरू होते, पहिली चार-पाच मिनिटं काही तक्रार नाही. गरम झाली की सिग्नलला उभी असताना रेस (इंजिनाचा वेग) आपोआप चढते, उतरते, परत चढते. साधारण दोन सेकंदाला एक हेलकावा. मल्टिमीटरवर आरपीएम ११०० ते १८०० दिसतो. एसी लावला की मात्र इतकी खाली येते की कधीकधी बंद पडते. चेक इंजिनचा दिवा लागत नाही. प्लग आणि एअर फिल्टर नवे आहेत. गॅरेजमध्ये आयडल व्हॉल्व्ह (पाय काढलेला असताना, म्हणजे आयडलिंगला, इंजिनाची हवा कमी-जास्त करणारा) बदलायला सांगताहेत. त्याआधी काय तपासू?

स्पॅनर_१०_१२

व्हॉल्व्ह आत्ता बदलू नका. तुम्ही लिहिलंय त्यातच अर्धं निदान आहे.

या इंजिनात हवेचं वजन थेट मोजणारा सेन्सर नाही. मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळकांड्यातला) दाब एमएपी सेन्सर वाचतो आणि त्यावरून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल ठरवतो. त्यामुळे कुठून चोरटी हवा आत आली, तर मिश्रण पातळ होऊन गाडी मिसिंग करत (झटके देत) नाही. दाब वाढला म्हणून ईसीयू पेट्रोलही वाढवतो आणि रेस चढते. ॲक्सिलरेटरवर पाय नसताना आरपीएम ठरावीक मर्यादेपुढे गेला, की ईसीयूला वाटतं गाडी उतारावर सोडली आहे. तो पेट्रोल तोडतो. रेस पडते, पेट्रोल परत सुरू होतं, रेस चढते. तुमचा दोन सेकंदांचा हेलकावा हा आहे.

थंड असताना ठीक का? तेव्हा इंजिनाला जास्त हवा हवीच असते आणि पेट्रोल तोडायची मर्यादाही वर असते. गरम झाल्यावर आयडलिंग ९००-१००० च्या आसपास आणायचं असतं. आयडल व्हॉल्व्ह पूर्ण मिटला तरी चोरटी हवा चालूच राहते, मग तो बिचारा काय करणार?

दोन्ही इंधनांवर सारखंच होतंय, म्हणजे पेट्रोल पंप आणि पेट्रोल इंजेक्टर तूर्त बाजूला ठेवा. हवा शोधा.

आधी सीएनजी टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा, लाइनमधला गॅस संपू द्या आणि पेट्रोलवर गाडी पूर्ण गरम करा. मग पक्कडीच्या तोंडाला फडकं गुंडाळून मॅनिफोल्डला जाणारी एकेक नळी मॅनिफोल्डजवळ दाबा, दहा सेकंद थांबा, सोडा. पीसीव्हीची (इंजिनाच्या पोटातली वाफ परत मॅनिफोल्डमध्ये आणणारी) नळी, ब्रेक बूस्टरची जाड नळी, किटच्या रिड्यूसरकडे (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाकडे) जाणारी बारीक व्हॅक्यूम नळी, आणि गॅस इंजेक्टर रेलमधून (गॅस इंजेक्टरांच्या पट्टीतून) येणाऱ्या तीन नळ्या. पीसीव्हीची नळी दाबल्यावर आरपीएम थोडा उतरणारच, तिथून नेहमीच थोडी हवा येते. पण जी दाबल्यावर हेलकावा पूर्ण थांबतो, दोष तिच्या पलीकडे आहे.

पीसीव्हीच्या रबरी कोपऱ्याची चीर बहुतेक वेळा खालच्या अंगाला असते आणि रबर गरम होऊन मऊ झालं की उघडते. वरून बघून ‘नळी चांगली आहे’ म्हणू नका. काढा आणि बोटांनी उलटी वाकवून बघा.

कार्ब क्लीनर मारून किंवा उदबत्तीचा धूर धरून गळती शोधायचा सल्ला मिळेल. गॅसच्या गाडीच्या गरम इंजिनावर दोन्ही नकोत. मीटरभर रबरी नळीचं एक टोक कानाशी धरा, दुसरं जोडांवरून फिरवा. फुसफुस स्पष्ट ऐकू येते. पंखा आणि बेल्टपासून नळी लांब ठेवा.

घाटमाथा

वरच्याशी सहमत, पण एसीची तक्रार वेगळी धरा. चोरटी हवा रेस चढवते. एसी लावल्यावर बंद पडणं हे बहुतेक वेळा कार्बनचं काम. कॉम्प्रेसर लागताच ईसीयू आयडल व्हॉल्व्ह उघडायला सांगतो, पण त्याची वाट काजळीने बुजलेली असेल तर हवा वेळेत पोचत नाही. एका गाडीत दोन्ही दोष असू शकतात. एसीशिवाय हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर असेल तर तोही एकदम लावून बघा. तेव्हाही गाडी दबत असेल तर वाट बुजलीय किंवा अल्टरनेटर-अर्थिंगचं बघावं लागेल.

थ्रॉटल बॉडी (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप जिच्यात असते ती) काढूनच साफ करा. आयडल व्हॉल्व्ह स्क्रू काढून वेगळा करा, क्लीनर फक्त सुईच्या टोकावर आणि बॉडीतल्या वाटेत. मोटरच्या बाजूला क्लीनर गेला की आतलं ग्रीस धुतलं जातं आणि चांगला व्हॉल्व्ह अडकायला लागतो. गॅस्केट नवं टाका. थ्रॉटल प्लेटच्या स्टॉप स्क्रूला हात लावू नका! तो पिळून रेस ‘सेट’ केली की पाय काढल्यावरही थ्रॉटल सेन्सर पूर्ण मिटल्याचं सांगत नाही, आणि ईसीयू आयडलिंग सांभाळायचंच सोडून देतो.

साफसफाईनंतर बॅटरीचं निगेटिव्ह दहा मिनिटं काढून ठेवा. मग सगळे लोड बंद करून गाडी सुरू करा, रेडिएटरचा पंखा दोनदा लागेपर्यंत ॲक्सिलरेटरला न शिवता चालू द्या, नंतर एसी लावून आणखी पाच मिनिटं.

अजून एक. आपल्याकडे गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून फेकायची सवय आहे. तसं असेल तर हायवेवर इंजिन पुरेसं गरमच होत नाही आणि ईसीयू थंडीचा डोस देत राहतो. कूलंटचं तापमान ईसीयूला सांगणारा सेन्सरही सुटा काढून मोजा : २० अंशांना सव्वादोन ते अडीच किलोओहम, ८० अंशांना ३०० ओहमच्या जवळपास.

कोल्ड_स्टार्ट

हेलकावा आणि मिसिंग यात गल्लत नको. नियमित लाटेसारखी रेस हलली तर हवा. इंजिन अनियमित झटके देत थरथरत असेल तर एखादा सिलिंडर कमी काम करतोय. तीनच सिलिंडर असल्याने ते स्टिअरिंगवरही जाणवतं. तपासायला पेट्रोलवर एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढा. ज्याचा काढल्याने फरक पडत नाही तो सिलिंडर आळशी. प्लगची वायर उपसून हे करू नका, शॉक बसतो आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जातं.

सीएनजीवर खूप चाललेल्या गाडीत एक्झॉस्ट व्हॉल्व्हची (सिलिंडरमधून धूर बाहेर सोडणाऱ्या झडपेची) सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची) फट कमी होत जाते. गरम झाल्यावर व्हॉल्व्ह नीट बसत नाही. म्हणून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गरम इंजिनावर, सगळे प्लग काढून, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून मोजा. तिन्हींत १ किलोपेक्षा (प्रति चौरस सेंटीमीटर) जास्त फरक नको. कमी असलेल्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजा : वाढलं तर पिस्टनच्या रिंगा, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह.

व्हॅक्यूम गेज लावणार असाल तर समुद्रसपाटीला गरम आयडलिंगवर १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) स्थिर हवेत. पुणं साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, तिथे दीड-दोन इंच कमी धरा, नाहीतर चांगल्या इंजिनाला नावं ठेवाल.

लाल_ऑल्टो

रेलमधून तिसऱ्या सिलिंडरला जाणारी नळी दाबली की हेलकावा बंद, सोडली की लगेच परत. क्लिपच्या मागे नळी गोलाकार तडकलीय. बाकीच्या दोन कडक झाल्यात पण तडकलेल्या नाहीत. ब्रेक बूस्टर, पीसीव्ही ठीक.

स्पॅनर_१०_१२

तिन्ही बदला, एकाच वयाच्या आहेत. पाण्याची किंवा पेट्रोलची साधी नळी नको, सीएनजी लो-प्रेशरची नळी घ्या, जुन्याच आतल्या व्यासाची. तिन्ही जमतील तितक्या आखूड आणि सारख्या लांबीच्या कापा. एक लांब राहिली तर त्या सिलिंडरला गॅस उशिरा पोचतो. मॅनिफोल्डमधला निपल (नळी जिच्यावर चढते ती छोटी तोटी) हाताने हलवून बघा. ढिला असेल तर नवीन नळीसुद्धा महिन्याभरात तिथेच तडकेल. हे काम किट बसवणाऱ्या अधिकृत फिटरकडूनच करून घ्या, आणि टाकीचा व्हॉल्व्ह उघडल्यावर गाडी गॅसवर चालवून प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावायला सांगा.

थ्रॉटल बॉडीची सफाई त्यानंतर. एसीवर बंद पडणं तेव्हाही राहिलं तरच आयडल व्हॉल्व्ह बदलायचं बघू.