इराक्ली अलासानिया एवढा पुढे येऊन मागे का पडला?

भटका_जीव: जॉर्जियाबद्दल काहीही वाचा, साकाशविली (२०१३ पर्यंतचा राष्ट्राध्यक्ष) नाहीतर इवानिश्विली (त्याला हरवणारा अब्जाधीश), तिसरं नावच नाही. मग हा अलासानिया सापडला, युनोत राजदूत, नंतर संरक्षणमंत्री, युरोप-अमेरिकावाले तर फिदा होते याच्यावर आणि २०१६ नंतर गायबच. काय झालं नक्की? विकीछाप उत्तर नको प्लीज.

नकाशेवाला: सुरुवात अबखाझियापासून करावी लागेल, म्हणजे जॉर्जियातून फुटून निघालेला प्रदेश. याचे वडील मामिया अलासानिया जनरल होते, सप्टेंबर १९९३ मध्ये तिथली राजधानी सुखुमी फुटीरांच्या हाती पडली तेव्हा मारले गेले. आणि तरी हाच पोरगा पुढे साकाशविलीचा दूत म्हणून अबखाझ लोकांसमोर बोलणी करायला बसला, समोरचेही त्याचं ऐकून घ्यायचे, हे सोपं नाही राव. २००६ ला त्याला तिथून उचलून न्यूयॉर्कला युनोत धाडला. माझ्या मते घोडं इथंच पेंड खातं, ज्याच्याशी समोरचा बोलायला तयार होता तोच माणूस हलवला. ऑगस्ट २००८ च्या रशिया-जॉर्जिया युद्धात सुरक्षा परिषदेत रशियाचा राजदूत चुरकिनसमोर जॉर्जियाची बाजू मांडायला हाच. डिसेंबरात राजीनामा दिला आणि थेट साकाशविलीच्या विरोधात.

तिरकस: आरती पुरे आता 😄 बोलणी करणं वेगळं आणि मतं मिळवणं वेगळं. २००९ ला फ्री डेमोक्रॅट्स हा स्वतःचा पक्ष काढला, २०१० ला तिबिलिसीच्या महापौरपदाला उभा राहिला, साकाशविलीच्या पक्षाच्या उगुलावाने सपाटून हरवला. मग इवानिश्विलीच्या जॉर्जियन ड्रीम आघाडीत घुसला, ऑक्टोबर २०१२ ला सत्ता आली, संरक्षणमंत्री अधिक पहिला उपपंतप्रधान. जानेवारीतच उपपंतप्रधानपद गेलं कारण साहेब राष्ट्राध्यक्षपदाची चाचपणी करत होते आणि ते इवानिश्विलीला खपलं नाही. तेव्हाच बाहेर पडायला हवं होतं, बसला गप.

नकाशेवाला: गप कुठे, काम करत होता की. सप्टेंबर २०१४ ला वेल्समध्ये नाटोने जॉर्जियाला मदतीचं भलंमोठं पॅकेज दिलं, तेव्हा संरक्षण खातं याच्याकडेच होतं. पुढच्याच महिन्यात हा परदेशात असताना त्याच्या खात्यातले अधिकारी उचलले, केबलच्या टेंडरमधल्या गैरव्यवहाराच्या आरोपावरून. यानं जाहीर सांगितलं की हा देशाच्या युरोप-नाटोच्या वाटेवरचा हल्ला आहे, ४ नोव्हेंबरला पंतप्रधान गारिबाश्विलीने काढून टाकला. परराष्ट्रमंत्री माया पंजिकिद्झे पण बाहेर पडल्या, त्या याच्या बायकोच्या बहीण, त्यामुळे विरोधकांना आयतं बोलायला मिळालं.

भटका_जीव: मग २०१६ च्या संसदेच्या निवडणुकीत सहानुभूती मिळायला हवी होती ना?

तिरकस: मिळाली की, ४.६ टक्के. संसदेत जायला पाच लागतात. त्यानंतर राजकारणच सोडलं त्यानं. थोडक्यात हुकलं असं वाटेल, पण दोन वर्षं ज्यांच्या सरकारात मंत्री होतास त्यांनाच शिव्या घालत मतं मागणार, आणि साकाशविलीचे लोक तुला आधीपासून गद्दार म्हणतायत, मग तुला मत देणार कोण?