मदत हवी आहे: फ्लोराइड नसलेली टूथपेस्ट ठाण्यात कुठे मिळेल?

घोडबंदरची
लेकीच्या पुढच्या दातांवर पांढरे डाग आलेत. डेंटिस्ट म्हणाले फ्लोरोसिस. म्हणजे फ्लोराइड जास्त झालं ना? मग चिठ्ठीत परत फ्लोराइडचीच पेस्ट! विचारलं तर "वापरा हो" म्हणून पुढच्या पेशंटला हाक. आजच पेस्ट बदलायची आहे. घोडबंदर रोडला मिळेल अशी सांगा. लेक्चर नको, फक्त नाव.

काडीवाला
पेस्ट हवीच कशाला? बाभळीची काडी. मी छप्पन्नचा, एक दाढ काढलेली नाही.

ओवळा_नाका
मुलीचं वय? दुधाचे दात की पक्के?

वाशीकर_७
ट्यूबच्या टोकाला चौकोन असतो. हिरवा म्हणजे नैसर्गिक, काळा म्हणजे केमिकल. तेवढं बघून घ्या.

ओवळा_नाका
अहो वाशीकर, ती खूण मशीनसाठी असते, ट्यूब कुठे कापायची ते सेन्सरला कळावं म्हणून. वाचायचा तर पीपीएमचा, म्हणजे फ्लोराइड किती आहे त्याचा, आकडा वाचा. आपल्याकडे पेस्टमध्ये १००० च्या वर चालत नाही आणि तो छापावाच लागतो.

हेमा_नेरूळ
हायड्रॉक्सीअॅपेटाइटची घ्या! दातावरचं कडक कवच, इनॅमल, ज्याचं बनतं तेच ते. जपानात १९९३ पासून कीड रोखणारं म्हणून मान्यता आहे. ऑनलाइन मिळते. किंमत विचारू नका.

दातवाली_कळवा
मी डेंटिस्ट आहे. दाढांना कीड आहे का? आणि पहिली चार-पाच वर्षं मुलगी कुठलं पाणी प्यायली?

घोडबंदरची
आठ वर्षांची आहे. पक्के दात. कीड आहे, दोन दाढांत सिमेंट भरलं त्याच दिवशी, पण प्रश्न डागांचा आहे!! पाणी टँकरचं, अख्खी सोसायटी तेच पिते.

वाशीकर_७
टँकर! तिथेच गोम आहे. पाणी उकळून द्या.

ओवळा_नाका
उकळून फ्लोराइड जात नाही. पाणी आटतं तसं उलट दाट होतं. आरओने कमी होतं.

दातवाली_कळवा
टँकर आत्ताचा झाला. मी लहानपणाचं विचारतेय.

घोडबंदरची
तेव्हा माझी रात्रपाळी होती, ती माझ्या आईकडे होती. पांढरकवड्याजवळ, यवतमाळ जिल्हा. घरचं बोअर. पेस्टशी काय संबंध?

दातवाली_कळवा
पेस्टशी नाही, डागांशी आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडे खडकातलं फ्लोराइड बोअरच्या पाण्यात उतरतं. लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर ते असू नये. पुढच्या पक्क्या दातांचं इनॅमल हिरडीच्या आत चार-पाच वर्षांपर्यंत घडत असतं, डाग तेव्हाच पडतात. तुमच्या लेकीचे ते दात कधीच घडून झालेत. पेस्ट सोडून डाग जाणार नाहीत, कीड मात्र वाढेल. वाटाण्याएवढी पेस्ट घ्या, थुंकू द्या, नंतर खळखळून चूळ नको. डाग डोळ्यांत भरत असतील तर त्यावर वेगळे उपचार आहेत, मोठी झाली की बघा.

हेमा_नेरूळ
म्हणजे माझी पेस्ट बाद?

दातवाली_कळवा
बाद नाही हो. पण दोन दाढा किडलेल्या मुलीचं फ्लोराइड मी तरी काढणार नाही. त्याच्यामागे कितीतरी जास्त वर्षांचा अनुभव आहे.

काडीवाला
आमच्या आईने जन्मभर मिसरी लावली. दात शेवटपर्यंत टणक.

ओवळा_नाका
काका, मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखू. पेस्ट-मंजनात तंबाखू घालायला १९९२ मध्येच बंदी आली.

काडीवाला
मी लावा म्हटलं का? आठवण सांगितली.

घोडबंदरची
धाकटा अडीच वर्षांचा. सध्या आईकडेच आहे. हे आधी सांगायला हवं होतं का?

दातवाली_कळवा
हो!! त्याचे पक्के दात आत्ता घडतायत. त्याला तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट, आणि त्याहून आधी पाणी बदला. बोअरचं पिणं-स्वयंपाक बंद, तपासणी होईपर्यंत.

घोडबंदरची
केला फोन. आई म्हणते, आमच्या बोअरएवढं गोड पाणी गावात कुणाकडे नाही. तपासतात कुठे?

ओवळा_नाका
फ्लोराइड चवीला कळत नाही. जिल्ह्याला भूजल सर्वेक्षणवाल्यांची प्रयोगशाळा असते, तिथे स्वच्छ बाटलीत नमुना न्यायला सांगा.

वाशीकर_७
आणि चौकोन नक्की मशीनसाठीच असतो का?