मदत हवी आहे : एसएमए या स्नायूंच्या आजारासाठी मुंबईच्या केईएम रुग्णालयात नोंदणी केलेले पुण्यातले पालक आहेत का?

नमस्कार. माझ्या पावणेदोन वर्षांच्या भाचीला एसएमए (स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी, स्नायू कमजोर होत जाणारा आनुवंशिक आजार) टाइप २ आहे. ज्या जनुकातल्या दोषाने हा आजार होतो, त्या एसएमएन१चा रिपोर्ट परवाच हातात आला. बसवलं की बसते, पण पाय भार घेत नाहीत. हल्ली खुळखुळाही दोन्ही हातांनी धरते.

२०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणाखाली ५० लाखांपर्यंत मदत मिळते, त्यासाठी मुंबईच्या केईएमला जायचंय. पुण्याहून कुणी नोंदणी केलीये का? कागद कोणते लागले, किती खेपा झाल्या? मूल सोबत न्यावंच लागतं का? प्रवासात तिला कफ होतो, फार जीव घाबरतो.

यावरचं औषध रिस्डिप्लाम कायम घ्यायचं, सरकारी मदतीत तेवढं भागणार नाही. वर्गणी गोळा करतोय; हिशेब चोख कसा ठेवावा, तेही सांगा.

कोथरूड-कर्वेनगरात असं मूल असलेलं घर असेल तर कृपया कळवा. ताईला त्या आईशी बोलायचंय.