मदत हवी आहे: १७९९ चा लार्ज सेंट, बोली किती लावू? (तातडीचं)

न्यूजर्सीकर: लिलाव उद्या रात्री बंद होतोय. १७९९ चा लार्ज सेंट, म्हणजे अमेरिकेचं जुनं मोठं तांब्याचं नाणं आहे. वर्णनात व्हीजी-८ (व्हेरी गुड) लिहिलंय आणि लगेच पुढे 'नेट जी-४' (गुड, म्हणजे त्याहून खालची). नक्की कुठली ग्रेड धरायची? हे साल सहजासहजी मिळत नाही, म्हणून सोडायचं नाहीये. कृपया बोलीचा आकडा सांगा.

तांब्याचा_नाद: स्लॅबमध्ये (ग्रेड देणाऱ्या कंपनीच्या सीलबंद डबीत) आहे की सुटं? वजन किती? मागच्या बाजूचा फोटो कुठाय? शेल्डन नंबर (सेंटच्या जातीचा क्रमांक) १८८ की १८९?

न्यूजर्सीकर: सुटं. नंबर दिलेला नाही. ग्रेडचं सांगता का कोणी?

तांब्याचा_नाद: झीज बघून व्हीजी-८. मग खड्डे, गंज, ओरखडे यांचे गुण वजा करून जी-४. ही अर्ली अमेरिकन कॉपर्स क्लबवाल्यांची, म्हणजे जुनी अमेरिकन तांब्याची नाणी जमवणाऱ्यांची पद्धत. पैसे जी-४ चेच मोजायचे.

स्लॅबच_बरा: हे नेट ग्रेडिंग ज्याच्या त्याच्या मनावर असतं. एक जण दोन गुण कापतो, दुसरा चार. पीसीजीएस नाहीतर एनजीसी या ग्रेड देणाऱ्या कंपन्यांचा स्लॅब असेल तरच हात घाला.

तांब्याचा_नाद: अहो, ठळक दोष दिसला की या कंपन्या ग्रेडचा आकडाच देत नाहीत, नुसतं 'डिटेल्स' लिहून मोकळे होतात. १७९९ चे सेंट बहुतेक काळे आणि खडबडीतच मिळतात. मग भाव कशावरून ठरवायचा?

देवघर: काळं असेल तर चिंच-मीठ लावून बघा. आमच्याकडची पूजेची भांडी लख्ख होतात.

तांब्याचा_नाद: ताई, हात जोडतो, नाण्याला चिंच नको! तो चॉकलेटी थर एकदा गेला की गेला. खाली गुलाबी तांबं उघडं पडतं आणि घेणारा लांबूनच ओळखतो. चिकटा असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवा, घासू नका.

जुना_भिडू: कडेवर अक्षरं आहेत का ते बघा.

तांब्याचा_नाद: ती १७९५ पर्यंतच. १७९९ ची कड साधी. खरी भीती वेगळी आहे: १७९८ च्या शेवटच्या ८ चा ९ केलेला असतो. भिंगातून त्या आकड्याभोवतीचं तांबं बघा, खरवडल्यासारखं दिसलं तर सोडून द्या. या सालाच्या जाती दोनच. १८८ मध्ये ८ वर ९ ठोकलाय, १८९ मध्ये साधा ९. मागच्या बाजूची पानांची माळ आणि १/१०० हा अपूर्णांक यांच्या जागा दोन्हींपैकी एकाशीही जुळल्या नाहीत, तर नाणं १७९९ चं नाहीच. वजन मूळ १०.८९ ग्रॅम, झिजून थोडं कमी भरेल.

मोडीवाचक: थोडं विषयांतर. त्या काळात फिलाडेल्फियाच्या टांकसाळीला कोऱ्या चकत्या बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनकडून जायच्या. १७९१ आणि १७९४ ची मुंबई इलाख्याची तांब्याची नाणीही त्याच्याच सोहो टांकसाळीत पाडलेली, तराजू आणि फारसीत 'अदल' (न्याय) असलेली. ती जमवा की!

स्लॅबच_बरा: धागा सेंटचा आहे हो.

मोडीवाचक: बोल्टनचं तांबं दोन्हीकडे आहे, म्हणून सांगितलं.

न्यूजर्सीकर: वजन आणि मागचा फोटो मागवलाय, आला की टाकतो. तोवर बोली नाही. पण आकडा?

तांब्याचा_नाद: फोटो येऊ द्या, मग बोलू. आणि बायर्स प्रीमियम (लिलाववाले बोलीवर वरून घेतात ती रक्कम) धरून हिशेब करा. तो २० टक्के असेल तर ३,००० डॉलरच्या बोलीला ३,६०० द्यावे लागतात.