मदत हवी आहे: क्लबचा हिशोब सभासदाने कसा मागायचा?

नमस्कार मंडळी. सोलापुरातल्या एका फुटबॉल क्लबचा मी आजीव सभासद. चार महिने झाले, पोरांना मानधन नाही. गोलकीपर ग्लोव्हजना चिकटपट्टी लावून सराव करतोय. विचारलं तर सचिवांचा हात जोडलेला इमोजी, आता तर ग्रुपच 'फक्त अ‍ॅडमिन' केलाय! बार्सिलोनाच्या अध्यक्षांनी 2021 मध्ये 1.35 अब्ज युरोंचं कर्ज पत्रकार परिषद घेऊन सांगितलं. आमचं कर्ज मैदानाबाहेरच्या चहावाल्याकडून कळतं, कारण त्याचीही उधारी थकलीय.

क्लबची नोंदणी 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली आहे. धर्मादाय कार्यालयातून ऑडिट रिपोर्टची नक्कल सभासदाला मिळते का? की आधी सह्या गोळा करून विशेष सभा मागवू? कुणी केलं असेल तर सांगा. सचिव आमच्याच गल्लीत राहतात, त्यामुळे जरा जपून.