पोलोचा लॉकवाला व्हील बोल्ट गोल झालाय, चाक निघत नाही, काय करू?

स्टेपनी_सम्राट:
नमस्कार मंडळी, जरा घाईत आहे. २०१५ ची पोलो, सेकंडहँड घेतलेली. आधीच्या मालकाने चोरीच्या भीतीने प्रत्येक चाकाला एकेक बाजारातला लॉकवाला बोल्ट बसवलेला, बाकीचे चार साधे. मागच्या डाव्या चाकात स्क्रू घुसलाय, हवा हळूहळू जाते, दिवसाआड भरतोय. शनिवारी टायरवाल्याकडे गेलो, लॉकची चावी त्याच्या हातात दिली (ती फुलासारख्या नक्षीची असते ना, बोल्टच्या खाचेत बसणारी), आणि पोराने ती सरळ बोल्ट फिरवायच्या गनला लावून घुर्रर्र केलं. चावी तिरकी बसलेली मला दिसत होती पण मी अरे अरे म्हणेपर्यंत टक्क आवाज आला आणि चावीची एक पाकळी तुटून खाली पडली. तरी गप्प बसायचं ना, तीच तुटकी चावी दाबून अजून दोनदा गन मारली, आता बोल्टची नक्षी पण गेलीय, आत नुसती वाटी. वर मलाच म्हणे साहेब तुमचा बोल्टच हलका होता.

बाकीचे चार बोल्ट त्याने आधीच काढलेले, ते हाताने फिरवून परत लावले आणि मी तसाच दोन किलोमीटर घरी आलो. गणपतीला कुंभार्लीतून चिपळूणला जायचंय, आठ दिवस राहिलेत. शेजारचे काका म्हणतात गॅसने तापव, ऑफिसातला एकजण म्हणतो ड्रिल कर. अलॉय चाकं कंपनीचीच आहेत, त्यांना ओरखडा नकोय. कोणी स्वतः काढलाय का असला बोल्ट?

डिकीत_डबा:
टायर ट्यूबलेस आहे ना? मग पंक्चरसाठी चाक काढायची गरजच काय, गाडी थोडी पुढेमागे घेऊन स्क्रू समोर आणायचा आणि जागेवरच स्ट्रिप मारायची. बोल्टचं गणपतीनंतर बघ निवांत.

स्टेपनी_सम्राट:
तेच आधी विचारलं दादा. स्क्रू मधल्या नक्षीत नाही, पार कडेला खांद्यावर आहे, साइडवॉल सुरू होते तिथे. तिथे स्ट्रिप टिकत नाही म्हणाले, टायरच बदलावा लागेल.

मिरजेचा_पाना:
आमचं वडिलांपासूनचं गॅरेज आहे, असले बोल्ट महिन्याला एखादा तरी येतोच, म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी आत्ता खाली जा आणि ते चार साधे बोल्ट १७ च्या पान्याने नीट आवळ. हाताने लावून दोन किलोमीटर आलास, नशीब समज. आणि हे फक्त सेफ्टीसाठी नाही, काढायला पण त्याचाच उपयोग आहे. चार ढिले असले की चाकाचा सगळा ताण त्या एका लॉकवर येतो, तो अजूनच जाम बसतो. चौघं घट्ट असले की लॉकवरचा भार कमी होतो. लोक नेमकं उलटं करतात, बाकीचे सगळे काढून ठेवतात आणि मग शेवटच्याशी कुस्ती.

आता काढायचं कसं. बोल्टच्या डोक्याचं बाहेरचं माप घे, व्हर्नियरने. बाहेर गोल फिरणारी रिंग आहे का बघ, काही लॉकला असते, पान्याने पकडू नये म्हणून ती नुसती गरागरा फिरते. असेल तर आधी छिन्नीने ती फोडावी लागते. नसेल तर काम सोपं. डोक्यापेक्षा अर्धा ते एक मिलिमीटर लहान अशी बारा कोनी गोटी (सॉकेट) घे, सहा कोनी नको, बारा कोनीचे दात गोल डोक्यात जास्त ठिकाणी चावतात. नवीन भारी गोटी वाया घालवू नको, तू पुण्यात असशील तर जुन्या बाजारात बुधवार रविवार ढिगाने मिळतात. फक्त भिंत पातळ बघ, पोलोच्या अलॉयला बोल्टचं भोक खोल असतं, जाड गोटी आत जातच नाही आणि जबरदस्ती केली की अलॉय खरवडतो. भोकात आतून सेलोटेपचे दोन वेढे दे.

चाक जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, पहिल्या गिअरमध्ये. जॅक लावायचा नाही. गोटी डोक्यावर सरळ धरून घणाने ठोक, हलका हातोडा नुसता उडतो. गोटीचा आवाज ऐक, आधी टण टण येतो, पूर्ण बसली की ठक्क असा बद्द आवाज येतो, तोपर्यंत ठोकत राहायचं. डोळ्याला गॉगल हवाच, गोटीचा तुकडा उडतो. मग लांब टॉमी (गोटी फिरवायचा दांडा) लावून हळूहळू वजन टाकायचं, झटका द्यायचा नाही. झटक्याला गोटी फिरते, सावकाश जोराला बोल्ट सुटतो. सुटताना कड असा आवाज येईल, घाबरू नको.

नाही जमलं तर उलट्या आट्यांचे रिमूव्हर सॉकेट मिळतात, आत तिरके दात असतात, डावीकडे फिरवशील तसे अजून घट्ट चावतात. त्यानंतर वेल्डिंग, म्हणजे डोक्यावर एक नट ठेवून आतून वेल्ड भरायचा. ड्रिल सगळ्यात शेवटी, हे बोल्ट कडक असतात, साधं ड्रिल वरच्यावर चमकत राहतं आणि सटकलं की गेला अलॉय.

घाटमाथा:
वेल्डिंग कशाला, गॅसची ज्योत पाच मिनिट मारली की लोखंड फुगतं आणि सुटतं, आमच्या ट्रॅक्टरला नेहमी करतो.

मिरजेचा_पाना:
@घाटमाथा ट्रॅक्टरचा गंजका नट उघड्यावर असतो हो. इथे बोल्टच्या चारी बाजूंनी अॅल्युमिनियम आणि त्याभोवती हवा भरलेला टायर. ज्योतीने टायर आतून तापला तर बॉम्बसारखा फुटतो, माणसं गेलीत अशाने. वेल्डिंगला सुद्धा आम्ही आधी व्हॉल्वची सुई काढून हवा सोडतो, बॅटरीची निगेटिव्ह काढतो, आणि वेल्डिंगची अर्थिंगची वायर त्याच चाकाच्या दुसऱ्या बोल्टला लावतो. लांब बॉडीला लावली तर करंट बेअरिंगमधून जातो आणि महिन्याभरात बेअरिंग आवाज करायला लागतं, मग गिऱ्हाईक आमच्याच नावाने.

लेस्टरचा_लाडू:
वाचून हसू आलं, कारण इकडे इंग्लंडमध्ये हा रोजचा विषय आहे. टायर बदलायला गेलं की पहिला प्रश्न "लॉकची चावी कुठे ठेवलीय", आणि निम्म्या लोकांना माहीत नसतं. नुसते हे बोल्ट काढायला घरी व्हॅन घेऊन येणारी माणसं आहेत, तोच त्यांचा धंदा. माझ्याकडे आलेल्याने हेच केलं, गोटी ठोकली, तीन मिनिटात काढला आणि चहासुद्धा न घेता गेला, बिल मात्र बघण्यासारखं. एक सांगतो, कंपनीचे लॉक असतील तर चावीवर किंवा सोबतच्या कार्डवर कोड असतो, त्यावरून दुसरी चावी मागवता येते. बाजारातल्याला पण कधीकधी असतो, डिकीतल्या टूलकिटमध्ये, मॅन्युअलच्या पाकिटात बघ. बाकीच्या तीन चाकांसाठी तरी उपयोगी पडेल.

स्टेपनी_सम्राट:
कार्ड वगैरे काही नाही, आधीच्या मालकाला फोन केला तर तो म्हणे गाडी विकली विषय संपला.

पण बोल्ट निघाला!! काल रविवारी जुन्या बाजारातून दोन गोट्या आणल्या, एक सत्तर रुपयाला एक पन्नासला. पाना दादांनी सांगितलं तसं चार बोल्ट आवळले, सेलोटेप लावला, घण सोसायटीच्या बांधकामावरून मागून आणला. पहिली गोटी तिसऱ्या फटक्याला चिरली, गॉगलवर बारीक कण आदळला, तेव्हा कळलं दादा का ओरडत होते. दुसरी बसली. तो ठक्क आवाज खरंच येतो हो, वरच्या मजल्यावरच्या आजी सुद्धा खिडकीतून बघायला आल्या. टॉमीला तीन फुटी पाइप घातला आणि नुसता टेकून उभा राहिलो, काहीच होईना, मग अचानक कड! मला वाटलं गोटी तुटली. बघतो तर बोल्ट पाव आटा फिरलेला.

आता दोन प्रश्न. बोल्ट गोटीतच अडकलाय, काढू कसा? आणि बाकीच्या तीन लॉकचं काय, चावी तर अर्धी आहे.

मिरजेचा_पाना:
शाब्बास. गोटी व्हाइसमध्ये उलटी धर, मागच्या चौकोनी भोकातून पंच घालून ठोक, निघेल. उरलेले तीन त्याच गोटीने आत्ताच काढ, घरी आहेस तोवर, ताम्हिणीत किंवा कुंभार्लीत पावसात नको.

नवीन बोल्ट घेताना जुना साधा बोल्ट सोबत ने. आटे १४ बाय १.५ (जाडी १४ मिलिमीटर, दोन आट्यांत अंतर १.५) हे सगळे सांगतील, पण दोन गोष्टी दुकानदार बघत नाही. एक म्हणजे बूड. कंपनीच्या अलॉयला बुडाशी गोलाई असलेला बोल्ट लागतो, बाजारात शंकूसारख्या बुडाचे जास्त मिळतात, ते आवळले जातात पण नीट टेकत नाहीत आणि नंतर ढिले होतात. दुसरं म्हणजे लांबी. मागे ड्रम ब्रेक आहे, बोल्ट लांब झाला तर आत जाऊन घासू शकतो. लावल्यावर चाक उचलून हाताने फिरवून बघ.

सुरुवातीचे आटे बोटांनी फिरव, गनने नाही. मग क्रॉसमध्ये १२० न्यूटन मीटर, म्हणजे एक मीटर पाइपच्या टोकाला साधारण बारा किलो टांगल्याएवढा जोर. टायरवाल्याची गन याच्या तिप्पट चौपट सहज मारते. पन्नास एक किलोमीटर चालवून परत एकदा चेक कर.

स्टेपनी_सम्राट:
तीनही निघाले, शेवटचा तर एकाच दाबात. पंचने तीन बोल्ट सुटले, चौथा गोटीत तसाच आहे, तो राहू देतो, पेपरवेट झालाय. वीस साधे बोल्ट लावले, लॉक नाहीत. नवीन टायर उद्या टाकतोय, दुसऱ्या दुकानात, आणि टॉर्क पाना (जोर मोजून आवळायचा) मित्राकडून आणलाय, शेवटचं आवळणं मीच करणार असं त्यांना आधीच फोनवर सांगितलंय.

डिकीत_डबा:
घण सोसायटीवाल्यांना परत दिलास का?

स्टेपनी_सम्राट:
दिला. आता ते मला मुकादम म्हणतात.